वड्याचं तेल वांग्यावर का निघतं?

रात्रीच्या भाकरी उरकल्या असतील, भांडी घासता घासता रेडिओ लावला असेल, तर आवाज जरा मोठा करा. घरात सासूबाई असतील, सून असेल, शाळेत जाणारी लेक असेल, त्यांनाही जवळ बोलवा. आज आम्ही आमच्या बचत गटातल्या सहा जणी इथं आलो आहोत. वाचतेय एक जण, पण बोलणं सगळ्यांचं आहे.

आधी आमचीच एक चूक सांगतो. मागच्या पावसाळ्यात आमच्यातली एक मैत्रीण सलग तीन महिने बैठकीला आली नाही. गटातून घेतलेल्या कर्जाचे तिचे हप्तेही थकले. त्यातच एके सकाळी बँकेतून आमच्या अध्यक्षबाईंना फोन आला. गटाचं खातं नीट चालत नाही, असंच राहिलं तर पुढचं कर्ज मिळणार नाही, असं त्यांना चांगलंच सुनावलं. अध्यक्षबाई आमच्यावर चिडल्या. मग आम्ही पाच जणी तिच्या दारात गेलो. विचारपूस करायला जातोय असं म्हणत होतो, पण खरं सांगायचं तर भांडायलाच गेलो होतो.

ती उंबऱ्यात उभी राहून ऐकत राहिली. एक शब्द बोलली नाही. तेवढ्यात तिची सात वर्षांची पोरगी पदर ओढून म्हणाली, "आई, भूक लागली." तिनं वळून पोरीच्या पाठीत धपाटा घातला. पोरगी रडलीही नाही. ती मुकाट्यानं अंगणात गेली आणि तिथं झोपलेल्या मांजराच्या पिलाला तिनं लाथ मारली.

येताना वाटेत कुणीच बोलेना. शेवटी आमच्यातली सगळ्यात वयस्कर मावशी म्हणाली, "बघितलं का गं? फोन आला बँकेतून आणि लाथ बसली मांजराला. वड्याचं तेल वांग्यावर."

ही म्हण आपण रोज वापरतो. पण असं का होतं? राग एकावर असतो आणि निघतो दुसऱ्यावर, तोही आपल्यापेक्षा दुबळ्यावर. हे आमच्या मनात घर करून राहिलं. आमच्यातल्या एकीची लेक तालुक्याच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. दिवाळीला ती माहेरी आली तेव्हा आम्ही तिला हे सांगितलं. ती म्हणाली, "मावशी, यावर एका माणसानं आयुष्य घातलंय. तेही माकडांमध्ये राहून." तिनं दोन दुपारी आमच्यासोबत ओट्यावर बसून जे समजावलं, ते आज तुम्हाला सांगायचं आहे.

त्या माणसाचं नाव रॉबर्ट सापोल्स्की. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात ते प्राध्यापक. मेंदूत कोणती रसायनं तयार होतात आणि त्यानं आपलं वागणं कसं बदलतं, हा त्यांचा अभ्यास. १९७८ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, ते आफ्रिकेतल्या केनिया देशात गेले. तिथं मसाई मारा नावाचं मोठं गवताळ रान आहे. त्या रानात बबून जातीची माकडं टोळी करून राहतात. सापोल्स्की वर्षामागून वर्ष तिथं जात राहिले. तंबू ठोकायचा, दिवसभर टोळीच्या मागं फिरायचं आणि कोण कुणाशी कसं वागतं ते वहीत लिहायचं. वर्षातले काही महिने तिथं आणि बाकीचे प्रयोगशाळेत, असं त्यांनी वीस वर्षांहून जास्त काळ केलं.

नुसतं बघून भागत नव्हतं. माकडाच्या अंगात काय चाललंय ते कळायला रक्त हवं. त्यासाठी ते फुंकणी वापरायचे. आपल्या चुलीच्या फुंकणीसारखीच, पण लांब नळी. तिच्यात भुलीच्या औषधाची छोटी सुई घालून फुंकायची. माकड गुंगलं की रक्त काढायचं, शुद्धीवर आलं की परत सोडून द्यायचं. पण यात एक मेख होती. माकडानं फुंकणी बघितली आणि ते घाबरलं, तर त्या भीतीनंच रक्त बदलायचं. म्हणून त्याची पाठ असतानाच फुंकायचं, आणि रोज एकाच वेळेला. त्यासाठी ते तासन् तास वाट बघत बसायचे.

रक्तात ते काय शोधत होते? आता हे नीट ऐका, कारण ते आपल्याही अंगात आहे.

आपल्या दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारखी एकेक लहान ग्रंथी असते. संकट आलं की मेंदू तिला निरोप धाडतो. मग ती रक्तात रसायनं सोडते. एक अ‍ॅड्रिनॅलिन, ते काही क्षणांत येतं. दुसरं कॉर्टिसॉल, ते मागून येतं पण जास्त वेळ टिकतं. ही रसायनं अंगाला सांगतात, आता पळ किंवा लढ. साठवलेली साखर रक्तात येते. काळीज धडधडतं, रक्तदाब वाढतो. त्याच वेळी जे काम उद्यावर ढकलता येईल ते अंग थांबवतं. जेवण पचवणं, जखमा भरणं, पाळीचं चक्र नीट चालवणं, सगळं मागं पडतं. घराला आग लागलेली असताना आपण दळण टाकायला जात नाही, तसंच.

सापोल्स्की यासाठी झेब्र्याचं उदाहरण देतात. झेब्र्याच्या मागं सिंह लागला तर झेब्रा जिवाच्या आकांतानं पळतो. तीन मिनिटांत निकाल लागतो. मेला तर मेला, वाचला तर पुन्हा गवत खायला लागतो. अंगातली रसायनं ओसरतात. उद्या सिंह येईल का, परवा येईल का, या विचारात झेब्रा रात्रभर जागत नाही.

आणि आपण? आपला सिंह म्हणजे हप्त्याची तारीख. ओढ दिलेला पाऊस. लेकीचं लग्न. नवऱ्याची दारू. हा सिंह तीन मिनिटांत जात नाही, महिनोन् महिने दारात बसून राहतो. आपलं अंग मात्र तेच करतं जे झेब्र्याचं करतं. फरक इतकाच की आपली रसायनं ओसरतच नाहीत. तीन मिनिटांसाठी जे वरदान आहे, ते तीन वर्षं चाललं की अंगाला खायला लागतं. रक्तदाब चढलेलाच राहतो, पोट बिघडतं, पाळी मागंपुढं होते, झोप उडते, बारीकसारीक आजार पटकन धरतात.

मेंदूचंही तसंच. मेंदूत हिप्पोकॅम्पस नावाचा एक भाग आहे, तो आठवणी जपायचं काम करतो. सापोल्स्कींचे गुरू ब्रूस मॅक्‌यूएन यांनी १९६८ साली उंदरांवर प्रयोग करून दाखवलं की ताणाचं रसायन थेट या भागात जाऊन चिकटतं. पुढं आपल्याच देशात, बंगळुरूला, सुमंत्र चटर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या मेंदूत आणखी बारकाईनं पाहिलं. २००२ साली त्यांनी मांडलं की रोज रोज ताण दिला तर आठवणींच्या भागातल्या पेशींच्या फांद्या आखडतात आणि भीती सांभाळणाऱ्या भागातल्या फांद्या वाढतात. त्या दुसऱ्या भागाचं नाव अमिग्डाला. झाड एका अंगानं वाळावं आणि दुसऱ्या अंगानं रानटी माजावं, तसं. पुढं त्यांना असंही दिसलं की ताण थांबवून तीन आठवडे विश्रांती दिली, तर आठवणींच्या भागाच्या फांद्या पुन्हा सावरतात. भीतीच्या भागाच्या मात्र इतक्या दिवसांत मागं हटत नाहीत.

हे ऐकलं तेव्हा आम्ही एकमेकींकडं बघितलं. आमची ती मैत्रीण बैठकीचा दिवस विसरायची, पैसे मोजताना चुकायची, दार वाजलं तरी दचकायची. आम्ही म्हणत होतो, हिला गटाची पर्वाच नाही. गावात काही जणी म्हणत होत्या, हिला बाहेरचं काहीतरी लागलंय. ती स्वतः समजत होती की आपल्याला वेड लागतंय. कुणाच्याच ध्यानात आलं नाही की सिंह दारात बसलेला असताना अंग असंच वागतं.

आता मूळ प्रश्नाकडं येऊ. तेल वांग्यावर का?

सापोल्स्कींनी जे बबून बघितले, त्यांना त्या रानात खायला भरपूर. दिवसातले तीनेक तास चरलं की पोट भरतं. मग उरलेला वेळ एकमेकांना छळायला मोकळा. मोठा नर भांडणात हरला की तो वळून धाकट्या नराला हाणतो. धाकटा एखाद्या मादीला चावतो. मादी पिलाला चापट मारते. हे वाचताना आम्हाला आमचंच अंगण दिसलं.

आणि यामागंही अंगातली रसायनं आहेत. उंदरांवरच्या प्रयोगांत असं दिसलं की ज्या उंदराला त्रासानंतर दुसऱ्याला चावायला मिळतं, त्याच्या अंगात ताणाचं रसायन कमी चढतं. म्हणजे दुसऱ्याला मारलं की मारणाऱ्याला खरोखरच थोडं हलकं वाटतं. म्हणूनच ही खोड इतकी चिवट. पण ते ओझं नाहीसं होत नाही, खालच्याच्या डोक्यावर जातं. सगळ्यात खाली जो असतो, त्याच्याकडं ढकलायला कुणी नसतं. बबूनांच्या रक्तातही हेच दिसलं. ज्या टोळीत कुणाची पायरी कोणती हे ठरलेलं असतं, तिथं खालच्या पायरीवरच्या नरांच्या रक्तात कॉर्टिसॉल कायम जास्त आणि तब्येतही खालावलेली.

पण सगळ्यांची नाही. काही नर असेही होते की पायरी कोणतीही असो, त्यांच्या रक्तात हे रसायन कमी. त्यांचं वेगळं काय होतं? ते माद्यांजवळ बसून त्यांच्या अंगावरचे किडे वेचायचे, माद्या त्यांचे वेचायच्या. ते पिलांशी खेळायचे. त्यांना सोबत होती. मैत्रिणींनो, दुपारी ओट्यावर एकमेकींच्या डोक्यातल्या उवा बघत बसणाऱ्या बायांना गाव रिकामटेकड्या म्हणतं. त्या काय करत असतात ते आता आपल्याला कळलं.

यापुढची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. साधारण १९८० नंतरची काही वर्षं. सापोल्स्की ज्या टोळीच्या मागं फिरत होते, तिच्या शेजारी पर्यटकांचं एक हॉटेल होतं. हॉटेलचं उष्टं-खरकटं एका खड्ड्यात टाकत. दुसऱ्या एका टोळीनं तो खड्डा बळकावला होता. सापोल्स्कींच्या टोळीतले जे नर सगळ्यात दांडगट, ते रोज सकाळी तिथं जाऊन मारामारी करून खायचे. मवाळ नर आणि माद्या जात नसत. एकदा त्या खड्ड्यात क्षयरोगाची लागण झालेलं मांस पडलं. ज्यांनी ते खाल्लं ते मेले. टोळीतले जवळजवळ निम्मे मोठे नर गेले, आणि नेमके दांडगट तेवढे गेले.

उरल्या माद्या, पिलं आणि मवाळ नर. टोळीचा रंगच पालटला. मारामाऱ्या कमी झाल्या, एकमेकांजवळ बसणं वाढलं. यात नवल नाही, दांडगट मेले म्हटल्यावर शांतता येणारच.

नवल पुढं आहे. बबूनांमध्ये नर वयात आले की आपली टोळी सोडून दुसऱ्या टोळीत जातात. आपल्याकडं जशा मुली सासरी जातात, तसं तिथं मुलगे. १९९३ पर्यंत त्या टोळीतले जुने मवाळ नरही राहिले नव्हते. जे होते ते सगळे बाहेरून आलेले, मारामारीच्या टोळ्यांमध्ये वाढलेले. तरी टोळी शांतच होती. मोठे नर पायरीनं मोठेच होते, पण खालच्यांना उगाच छळत नव्हते. खालच्या नरांच्या रक्तातही ताणाच्या खुणा दिसत नव्हत्या. सापोल्स्की आणि त्यांच्या सहकारी लिसा शेअर यांनी २००४ साली हे सगळं छापून जगापुढं मांडलं.

नव्या नरांना हे कुणी शिकवलं? शाळा तर नव्हती. त्यांना एक गोष्ट दिसली. दुसऱ्या टोळ्यांमध्ये नवा नर आला की माद्या बरेच दिवस त्याला जवळ येऊ देत नाहीत. या टोळीतल्या माद्या नव्यालाही लवकर जवळ घ्यायच्या, त्याच्या अंगावरचे किडे वेचायच्या. त्यांना कुणी विनाकारण मारत नव्हतं, म्हणून त्या धास्तावलेल्या नव्हत्या. नव्याला अशी वागणूक मिळाली की काही महिन्यांत तोही तसाच वागायला लागायचा.

आपल्यात म्हणतात, जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. पण या टोळीत मारामारीत वाढलेले नर जिवंतपणीच बदलले. म्हणजे वरून आलेला राग खाली ढकलायचा, हा निसर्गाचा न मोडणारा कायदा नाही. ती एक रीत आहे, आणि रीत बदलता येते.

इथं एक गोष्ट स्पष्ट सांगतो, नाहीतर उलटाच अर्थ निघेल. बाईनं मार खावा आणि गोड वागावं, मग पुरुष सुधारेल, असं ही गोष्ट सांगत नाही. त्या माद्या निवांत झाल्या, कारण आधी त्यांचं मार खाणं थांबलं होतं. घरात मारहाण होत असेल तर ती सोसायची नाही. १८१ हा महिलांसाठीचा मदतीचा नंबर आहे, जिवावर बेतलं तर ११२. दुसरी गोष्ट, माणूस म्हणजे बबून नव्हे. आपल्याला वाचा आहे, विचार आहे. आणि नुसत्या सोबतीनं कर्ज फिटत नाही, विहिरीला पाणी येत नाही, हे आम्हालाही कळतं.

मग आम्ही काय केलं? मोठं काही नाही.

पहिलं म्हणजे आम्ही त्या मैत्रिणीकडं पुन्हा गेलो. यावेळी दोघीच, आणि वही न घेता. तिच्या बोअरचं पाणी गेलं होतं. नवरा कामासाठी शहरात गेला होता, त्याचे पैसे येणं बंद झालं होतं. तिनं बाहेरूनही एक कर्ज काढलं होतं, त्याचा माणूस दर आठवड्याला दारात. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत तिचा डोळा लागत नव्हता. आशाताईंना घेऊन आम्ही तिला आरोग्य केंद्रात नेलं. रक्तदाब वाढलेला निघाला. तिथून जिल्ह्याच्या दवाखान्यात मनाच्या डॉक्टरांना दाखवलं, गोळ्या चालू झाल्या. आम्हाला वाटायचं मनाचा डॉक्टर म्हणजे वेड्यांचा डॉक्टर. ताणानं रक्त आणि मेंदू बदलतो हे कळल्यावर ती लाज गेली. साखरेची गोळी खायला कोण लाजतं?

दुसरं, बैठकीची रीत बदलली. आधी आम्ही बसल्या बसल्या पैसे मोजायचो. आता पहिला पाव तास वही मिटलेली. घरी कसं चाललंय, एवढंच बोलायचं. आतलं बोलणं बाहेर न्यायचं नाही, हा नियम वहीत लिहून सगळ्यांच्या सह्या-अंगठे घेतले.

तिसरं हप्त्याचं. उंदरांवरच्या जुन्या प्रयोगांत दिसलं होतं की झटका बसण्याआधी इशारा मिळाला, किंवा झटका थांबवायला हातात काही असलं, तर तेवढ्याच झटक्यांनीही उंदराच्या पोटात जखमा कमी होतात. म्हणजे आधी कळणं आणि आपल्या हातात काही असणं, याला मोल आहे. म्हणून आम्ही ठराव केला. हप्ता जमणार नसेल तर आठ दिवस आधी सांगायचं. सांगितलं तर कुणी बोलणार नाही, गट मुदत वाढवून देईल. दारात घोळका करून जायचं नाही. आता थकलेला हप्ता आधीच कळतो, त्यामुळं बँकेला काय सांगायचं तेही वेळेत ठरवता येतं.

चौथं ज्याचं त्यानं घरी करायचं. राग आला की विचारायचं, हा राग माझ्याकडं कुठून आला आणि मी तो कुणाकडं धाडतेय? पोरीवर हात उगारला असेल तर तो खाली घ्यायचा आणि उठून अंगणात जायचं. एखाद्या वेळी जमत नाही. मग पोरीला जवळ घेऊन सांगायचं, चूक तुझी नव्हती. नव्या सुनेच्या बाबतीतही तसंच. सासूनं मला जे दिलं तेच मी सुनेला देणार का, हे प्रत्येकीनं आपल्याशी ठरवायचं. बाहेरून टोळीत आलेल्याला पहिल्या काही महिन्यांत आपण कसं वागवतो, यावर पुढची रीत ठरते.

ज्यांना कुणाशीच बोलता येत नाही, झोप लागत नाही, जीव नकोसा वाटतो, त्यांनी १४४१६ हा नंबर लिहून घ्या. एक, चार, चार, एक, सहा. टेलिमानस नावाची ही सरकारी सेवा आहे, २०२२ पासून चालू आहे. फोनला पैसे पडत नाहीत, मराठीतही बोलता येतं. शेजारीण अशी दिसली तर तिला नंबर देऊन मोकळं होऊ नका, फोन लावताना तिच्याजवळ बसा.

ही सगळी गोष्ट आम्ही त्या मैत्रिणीला विचारूनच सांगितली. ती आज आमच्यासोबत इथंच बसली आहे. तिचे दोन हप्ते अजून थकलेले आहेत, बोअरला पाणी नाही, पण बैठक तिनं एकही चुकवलेली नाही. येताना तिची पोरगी विचारत होती, "रेडिओवर मांजराचं पण सांगणार का?" तर पोरी, सांगितलं. मांजर आता मोठं झालंय आणि तुझ्याच पांघरुणात झोपतं, हेही सांगितलं.

मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत वही उघडायच्या आधी पाव तास बसून बघा. काय झालं ते आम्हाला कळवा. येतो आता. नमस्कार.